सेल्फ म्हणजे कोण?

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी, ऐन मीटिंगमध्ये, नागपूरहून आत्याचा फोन. "काय रे, मिळालं का पार्सल? मला मेसेज आलाय पोचलं म्हणून."

मला काहीच मिळालं नव्हतं.

"पत्ता कुठला टाकलास गं?"

"तोच की, इंदिरानगरचा. डायरीत आहे तो."

इंदिरानगरचा फ्लॅट सोडून आम्हाला तीन वर्षं झाली. भाड्याचा होता. आता गंगापूर रोडला राहतो. नाशिक ते नाशिकच, पण त्या दारावर आता दुसऱ्याच कुणाच्या नावाची पाटी आहे.

पार्सलमध्ये गोधडी होती. आमच्या सहा महिन्यांच्या लेकीसाठी आत्यानं आजीच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. आजी जाऊन नऊ वर्षं झाली आणि आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणजे दुसरी गोधडी होणे नाही. कुरियरच्या पावतीवर 'मालाची किंमत' असा रकाना होता, तिथे तिनं ५०० रुपये लिहिलं होतं.

एका खासगी कुरियरची सेवा होती. त्यांच्या साइटवर नंबर टाकला तर उत्तर आलं, 'डिलिव्हर्ड. रिसीव्ह्ड बाय : सेल्फ.' सेल्फ म्हणजे मी! फोनवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, लिहिलेल्या पत्त्यावरच दिलंय." आता यावर काय बोलणार? तो खरंच बोलत होता. त्याच्या दृष्टीनं पार्सल पत्त्याचं होतं, माझ्या दृष्टीनं माझं. मग शनिवार-रविवार हाच प्रश्न घेऊन बसलो. पार्सल नक्की कुणाचं असतं, जागेचं की माणसाचं? प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. टपालाच्या इतिहासात त्याची उत्तरं वेळोवेळी बदलत गेली आहेत.

आधी शब्दच बघा. 'पत्ता' म्हटलं की आपल्याला फॉर्ममधले चार रकाने आठवतात. पण बोलताना आपण म्हणतो, 'दोन दिवस त्याचा पत्ताच नाही', 'अखेर पत्ता लागला'. हा पत्ता घराचा नाही, माणसाचा आहे. पूर्वी जासूद पत्र घेऊन निघायचा तो माणसाकडे. माणूस छावणीत असेल तर छावणीत, गावी असेल तर गावी. नंतर टपाल आलं तरी सवय तीच राहिली. जुन्या कार्डांवर आधी 'रा. रा.', मग नाव, मग अमक्यांच्या वाड्यात, मग तिळभांडेश्वर लेन नाहीतर भद्रकालीजवळ, आणि शेवटी मुक्काम नाशिक. वाड्यात दहा-दहा बिऱ्हाडं. कुठलं कुणाचं हे पोस्टमनला पाठ. बिऱ्हाड हलवलं तर तेही त्याला माहीत, कारण सामानाची हातगाडी त्याच्याच बीटमधून गेलेली असायची. तो जुना पत्ता खोडून बाजूला नवा लिहायचा आणि पत्र पुढे जायचं.

(जाता जाता : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा या बाबतीत कमाल प्रकार आहे. तुम्ही आज बंगळूरला राहता की बॉस्टनला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आडनाव आणि मूळ गाव सांगा, पणजोबा कधी येऊन गेले ते निघतं. डेटाबेसवाल्यांनी विचार करावा. राहता पत्ता बदलतो, मूळ गाव बदलत नाही, म्हणून त्यांनी प्रायमरी की मूळ गावाची धरली!)

सरकारी टपालात पार्सलं आली ती कावडीतून. इंग्रजांच्या कागदपत्रांत तिला 'बंगी डाक' म्हणतात. पत्रं पळत्या हरकाऱ्याकडे, जड वस्तू खांद्यावरच्या बांबूला. आकार अंतराप्रमाणे. १८५४ च्या कायद्यानं हे बदललं. १ ऑक्टोबर १८५४ पासून तिकिटं आली आणि पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कुठेही जाऊ लागलं. पत्रांपुरता अंतराचा हिशेब संपला. १८७७ साली व्ही.पी. सुरू झाली, म्हणजे आपलं आजचं 'कॅश ऑन डिलिव्हरी', दीडशे वर्षांपूर्वीचं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. १८९८ चा भारतीय डाकघर कायदा. त्याच्या ६८ व्या कलमात असं होतं : टपालानं चाललेली, दुसऱ्या कुणाला मिळायला हवी होती अशी वस्तू जो कपटानं ठेवून घेईल, मुद्दाम दडवेल किंवा पोस्टाच्या अधिकाऱ्यानं मागूनही देणार नाही, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. दोन वर्षं! शेजाऱ्याचं पार्सल दाबलं म्हणून!

पण खरी गंमत शिक्षेत नाही, 'टपालानं चाललेली' या शब्दांत आहे. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात पोचलं म्हणजे काय हेही सांगितलं होतं. पत्तेदाराच्या घरी किंवा कचेरीत दिलं, किंवा त्याच्या हातात, नोकराच्या, मुखत्याराच्या हातात दिलं, तर पोचलं. घर पत्तेदाराचं असायला हवं, नुसतं पाकिटावर लिहिलेलं असून भागत नाही. म्हणजे मी सोडून गेलेल्या घरात एखादं पार्सल चपलांच्या कपाटावर पडून असेल तर या व्याख्येप्रमाणे ते पोचलेलंच नाही. ते अजून प्रवासात आहे. तिथल्या माणसाकडे ते वाटेवरचं ठाणं म्हणून आहे, एवढंच. मी वकील नाही, पण मला हा अर्थ फार पटला.

आणि माणूस सापडलाच नाही तर? तर वस्तू पाठवणाऱ्याकडे परत. तोही सापडला नाही तर पोस्टमास्टर जनरलच्या कचेरीत. तिथे नेमलेला अधिकारी पाकीट उघडून आत कुठे नावगाव मिळतंय का बघायचा, आणि आतलं गुप्त ठेवण्याचं बंधन त्याच्यावर असायचं. तरीही पत्ता लागला नाही तर पत्र नष्ट, पण पैसे आणि विकता येण्यासारखी वस्तू एक वर्ष सांभाळायची. हक्क सांगायला कुणी आलंच नाही तर मग सरकारजमा.

याचा अर्थ जुनं पोस्ट धर्मराज होतं असं नाही हं. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमानं वस्तू हरवली, चुकीच्या ठिकाणी गेली, उशिरा गेली, तर सरकार जबाबदार नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं. स्वतः नामानिराळं राहायचं आणि शेजाऱ्याला दोन वर्षं आत टाकायचं, हा खास साहेबी न्याय. पण वस्तू माणसाची आहे, ही त्यामागची समजूत मात्र पक्की होती.

स्वातंत्र्यानंतर पत्रं वाढली, नवीन भरती झाली, आणि सगळ्यांना सगळं पाठ असण्याचे दिवस संपले. नावांचा घोळ तर विचारू नका. नुसतं पिंपळगाव म्हटलं तर कुठलं? आमच्या जिल्ह्यातलं पिंपळगाव बसवंत, की महाराष्ट्रातल्या बाकीच्या पिंपळगावांपैकी एखादं? त्यात पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत. यावर तोडगा काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं. हे टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचे कवी आणि नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. अमेरिकेचा झिप कोड १९६३ चा आणि जर्मनीचा आकड्यांचा कोड त्याहून जुना, १९४१ चा. पण लिप्यांचा हा गोंधळ आपल्याकडेच.

४२२००१ घ्या. पहिला ४ म्हणजे पश्चिम विभाग, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून, ४२२, नाशिकचा जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट ऑफिस : ००१ मुख्य टपाल कार्यालय, ००३ पंचवटी, ००९ सिडको, १०१ नाशिकरोड. यातली मेख लक्षात आली का? पिन कोड पोस्ट ऑफिसच्या दारापर्यंतच आणतो. पुढचा शेवटचा मैल वेलणकरांनी आकड्यांत बसवलाच नाही. तो पोस्टमनच्या डोक्यात होता, आणि तिथे तो व्यवस्थित चालत होता.

बाय द वे, या सगळ्यात आपल्या गावाचा वाटा छोटा नाही. नाशिकरोडचं इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ चं. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनला छापून बोटीनं यायची. १९२६ पासून ती इथे छापली जाऊ लागली. आंतरदेशीय पत्रं, पासपोर्टची कोरी पुस्तकं, सगळं इथलंच. देशभर घरोघरी जाणारा कागद जिथे छापला जातो त्या गावात माझी गोधडी सात-आठ किलोमीटरवर अडकली होती. असो.

आता अलीकडचं, कारण खरा बदल इथे झालाय. रजिस्टर्ड पोस्ट आणि स्पीड पोस्ट यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी इतके दिवस 'एक हळू, एक जलद' असं सांगितलं असतं. चूक. रजिस्टर माणसाला द्यायचं असायचं आणि स्पीड पोस्ट पत्त्यावर. पहिल्यात पत्तेदार किंवा त्यानं नेमलेला माणूसच हवा, दुसऱ्यात घरात जो असेल तो चालतो. माझ्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच खिडकीवर मिळत होती! १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. 'माणसालाच द्या' ही आता ज्यादा सोय आहे. पाच रुपये अधिक जीएसटी भरा, स्पीड पोस्टला रजिस्ट्रेशन जोडून मिळतं. ओटीपी सांगितल्याशिवाय द्यायचं नाही, अशी सोयही तेवढ्याच पैशांत. म्हणजे मुळात वस्तू जागेची, माणसाची हवी असेल तर पाच रुपये जास्त. आत्याला तेव्हा हे सांगायला हवं होतं.

आणि ते ६८ वं कलम? गेलं. डाकघर अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ ला लागू झाला आणि १८९८ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात जुनी गुन्हे-शिक्षांची लांबलचक यादी नाही. चुकीनं आलेली वस्तू कुणी बेइमानीनं घशात घातली तर भारतीय न्याय संहितेचं ३१४ वं कलम आहे, पण तिथे बेइमानी सिद्ध करावी लागते. 'ही वस्तू अजून वाटेत आहे' असं म्हणणारं कुणी उरलं नाही. तसंही ते कलम टपालाच्या वस्तूंपुरतं होतं, खासगी कुरियरला कधी लागूच नव्हतं. ऑनलाइन खरेदी वाढली तशी आपण बहुतेक पार्सलं त्या कलमाबाहेर नेऊन ठेवलीच होती, रद्द होण्याच्या कितीतरी आधी.

मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं एनआरएससी यांच्या मदतीनं केलेला दहा अक्षर-आकड्यांचा कोड. देशाचे सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडलेत, प्रत्येकाला कोड. इंजिनिअर म्हणून मला हे काम आवडलं. गल्लीबोळात अँब्युलन्स पोचायला याचा उपयोग होईल. पण चार मीटरच्या चौकोनात कोण राहतं हे त्याला माहीत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. माझी जुनी बाल्कनी आता अचूक सांगता येईल, आणि पार्सल चुकीच्या घरी अधिक अचूकपणे पोचेल. सी शिकलेल्यांना डँगलिंग पॉइंटर आठवत असेल : पत्ता बरोबर, तिथे आता दुसरंच काहीतरी :-)

तर शनिवारी सकाळी जुन्या सोसायटीत गेलो. वॉचमन नवा, त्यानं मलाच रजिस्टरमध्ये सही करायला लावली. फ्लॅटला कुलूप. खरं सांगतो, पोटात गोळा आला. तळमजल्यावरच्या काकूंनी ओळखलं. "अरे तू! बाळ कसं आहे?" पार्सल त्यांना माहीत नव्हतं, पण वरच्या वहिनींचा नंबर होता. फोन लावला.

"हो, आलंय तुमचं. मी त्याला म्हटलं हे आमच्या नावाचं नाही, तर म्हणाला ठेवा, ते येतील न्यायला."

"आणि सही?"

"मी कुठे सही केली? मला काही विचारलंच नाही त्यानं."

त्या सिन्नरला माहेरी गेल्या होत्या. सोमवारी परतणार होत्या. सोमवारी संध्याकाळी गेलो तर त्यांनी स्टूल लावून माळ्यावरून पार्सल काढलं. टेप जशीच्या तशी. वर जाड पेननं मोठ्या अक्षरात लिहिलेलं : 'आपलं नाही. कुणी उघडू नये.' घरात दोन लहान मुलं आहेत म्हणून, असं म्हणाल्या. मी चहा घेतला, पिनसकट माझा नवा पत्ता आणि नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटवून आलो.

रात्री आत्याला फोटो पाठवला, गोधडीवर झोपलेल्या लेकीचा. लगेच फोन आला.

"बरं, आता नवा पत्ता सांग, डायरीत लिहून घेते." आणि मग जरा थांबून, "पेननं लिहू का पेन्सिलीनं?"