तळटीप : ‘मंडळाकडे अर्ज दिला’
लेखक हे एका वाक्यात उरकतो. हे मंडळ म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खालचे पुनर्विलोकन मंडळ. सेवेतल्या उणिवेची तक्रार आधी संस्थेच्या प्रमुख डॉक्टरांकडे करता येते (कलम २८). दाद न मिळाल्यास मंडळाकडे. अर्जाला फी नाही. अपवादात्मक परिस्थितीत दाखल रुग्णाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ स्वीकारू शकते (कलम ७७). वॉर्डात कागद-पेनही हाताशी नसलेल्या माणसाच्या दृष्टीने सगळ्या कायद्यात हीच तरतूद मोलाची, असे आम्हांला वाटते. मंडळाच्या निर्णयावर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. सोलापूरकरांना उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. – संपादक