रॉबिनच्या प्राणाचा कौल

लोकांचा कौल घेऊन राज्यकारभार चालवावा हा विचार आतां जगांत बहुतेक ठिकाणीं मान्य झालेला आहे. परंतु कथेंतील एखाद्या मुलानें जगावें कीं मरावें, हें वाचकांचा कौल घेऊन ठरविल्याचा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासांत विरळाच. असा प्रसंग १९८८ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंत घडला. ज्या मुलाविषयीं कौल घेतला गेला तो हाडामांसाचा नव्हता; शाईनें रेखलेला आणि रंगांनीं भरलेला होता. तथापि त्याच्यासाठीं दहा हजारांवर वेळां लोकांनीं पदरचे पैसे खर्चून टेलिफोन उचलला, आणि निकाल लागल्यावर जो क्षोभ उसळला त्याची झळ संपादकास चांगलीच लागली.

हा मुलगा म्हणजे बॅटमनचा साथी रॉबिन. रात्रीं वटवाघळाच्या वेषांत गुन्हेगारांच्या पाठीस लागणारा धनाढ्य बॅटमन मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्यें प्रथम अवतरला. पुढें एप्रिल १९४० च्या अंकांत त्याच्या शेजारीं एक मुलगा आणून उभा करण्यांत आला. डिक ग्रेसन हें त्याचें नांव. सर्कशींत झोक्यावरचीं कामें करणाऱ्या मातापित्यांचा तो पुत्र, गुंडांनीं त्यांचा घात केल्यामुळें पोरका झालेला. बॅटमनचे आईबापही त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले होते. तेव्हां एका पोरक्यानें दुसऱ्यास आश्रय द्यावा यांत औचित्य होतें. शिवाय वाचणाऱ्या मुलांस आपल्या वयाचा कोणी तरी कथेंत दिसावा हाही हेतु होता. तो इतका सफल झाला कीं, लवकरच इतर वीरांच्या पाठीशींही असेच बालवीर दिसूं लागले.

या वाचकांस प्रथम कोणी फारसें विचारीत नसे. १९५४ सालीं फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानें चित्रकथांमुळें मुलें बिघडतात असा आरोप करणारा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षीं अमेरिकन सीनेटच्या उपसमितीनें चौकशी केली, आणि प्रकाशकांनीं आपण होऊन एक कडक नियमावली स्वीकारली. त्या वादांत मुलांच्या वतीनें डॉक्टर बोलले, पालक बोलले, सीनेटर बोलले. मुलें मात्र श्रोत्यांच्या बाकावरच राहिलीं. त्यांना वाचा फुटली ती पुढें, अंकांतील पत्रव्यवहाराच्या पानांत. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ हे १९६० च्या सुमारास पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापूं लागले. त्यामुळें वाचक संपादकास लिहीत होते ते एकमेकांसही लिहूं लागले. १९६१ सालीं जेरी बेल्स व रॉय थॉमस या दोघां वाचकांनीं 'अल्टर ईगो' हें हौशी नियतकालिक काढलें. त्यांपैकीं थॉमस हे पुढें मार्व्हल या बड्या प्रकाशनसंस्थेचे मुख्य संपादक झाले. वाचक आणि कर्ता यांमधील कुंपण किती ठेंगणें होतें, हें यावरून दिसून येईल.

वाचक वयानें वाढले, पण पुस्तक त्यांच्या हातून सुटलें नाहीं; आणि त्यांच्याबरोबर कथाही गंभीर व काळोखी होत गेली. १९७१ मध्यें लेखक डेनिस ओनील व चित्रकार नील अॅडम्स यांनीं ग्रीन अॅरो या वीराचा किशोर साथी स्पीडी हा हेरॉइनच्या व्यसनांत सांपडल्याचें दाखविलें. त्याबद्दल न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांचें अभिनंदनपर पत्र आलें. उलट १९७३ सालीं स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा अंत झाला, तेव्हां संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. १९८६ सालीं फ्रँक मिलर यांनीं वृद्ध व कठोर बॅटमनची कथा लिहिली. तींत पूर्वीचा एक रॉबिन मरण पावलेला असल्याचा उल्लेख आहे. या पुस्तकाचें मोठें स्वागत झालें. वाचकांस काळोख रुचूं लागला होता.

तोंवर पहिला रॉबिन मोठा होऊन नाइटविंग या नांवानें वेगळा निघाला होता. त्याच्या जागीं १९८३ सालीं जेसन टॉड हा मुलगा आला. प्रारंभीं हाही सर्कशींतला, हाही पोरका. जुन्या साच्यांतून काढलेली दुसरी मूर्तिच म्हणावयाची. पुढें १९८७ मध्यें त्याचें पूर्वचरित्र पुसून नवें लिहिण्यांत आलें. आतां तो झोपडवस्तींत एकटा राहणारा मुलगा झाला, आणि बॅटमनची त्याच्याशीं पहिली गांठ पडते ती तो बॅटमनच्याच मोटारीचीं चाकें चोरीत असतांना. लेखक जिम स्टार्लिन यांच्या हातीं हा मुलगा अधिकाधिक संतापी, उर्मट व आज्ञा मोडणारा होत गेला. १९८८ च्या एका अंकांत, स्त्रीवर अत्याचार करून राजनैतिक संरक्षणाच्या आड लपणारा एक तरुण सज्ज्यावरून पडून मरतो. रॉबिननें त्यास ढकललें कीं तो आपणच पडला, हें लेखकानें मुद्दाम उघड केलें नाहीं. वाचकांचीं नापसंतीचीं पत्रें येऊं लागलीं. एका पोरक्या, रस्त्यावर वाढलेल्या मुलास राग येतो, ही गोष्ट खरीच. पण डिक ग्रेसनची मूर्ति मनांत बाळगणाऱ्यांस ती मानवेना.

ओनील हे १९८६ पासून बॅटमनच्या पुस्तकांचे संपादक होते. या मुलाचें काय करावें हा पेंच त्यांच्यापुढें पडला, तेव्हां त्यांना १९८२ च्या एप्रिलमधील एक विनोदी दूरदर्शन कार्यक्रम आठवला. त्यांत एडी मर्फी या नटानें एक जिवंत शेवंड दाखवून, यास शिजवावें कीं सोडावें, हें प्रेक्षकांनीं टेलिफोन करून सांगावें असें आवाहन केलें होतें. साडेचार लाखांहून अधिक लोकांनीं टेलिफोन केले आणि शेवंड थोड्या मतांनीं वांचला. तरी पुढच्या आठवड्यांत तो शिजवून खाण्यांत आला तो आलाच! या थट्टेंतून बॅटमनच्या संपादकानें आपली योजना उचलली.

बॅटमनच्या ४२७ व्या अंकाच्या अखेरीस, आपल्या जन्मदात्या आईच्या शोधांत इथिओपियापर्यंत गेलेला जेसन हा जोकर या क्रूरकर्म्याच्या हातीं सांपडतो. आईच त्याला शत्रूच्या स्वाधीन करते. जोकर त्यास लोखंडी पहारीनें मारतो, आणि आई व मुलगा ज्या कोठारांत आहेत त्याचा स्फोट होतो. त्याच अंकांत टेलिफोनचे दोन क्रमांक छापलेले होते, एक रॉबिनच्या जगण्याचा आणि दुसरा त्याच्या मरणाचा. प्रत्येक मतास पन्नास सेंट मूल्य. मुदत १५ सप्टेंबरच्या सकाळीं ९ पासून दुसऱ्या दिवशीं रात्रीं ८ पर्यंत. चित्रकार जिम अपारो यांनीं दोन्ही निकालांसाठीं चित्रें काढून ठेविलीं होतीं. निकाल लागला तो असा: मरणाच्या बाजूनें ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूनें ५,२७१. अवघ्या ७२ मतांनीं मुलाचा प्राण गेला. पुढच्या अंकांत बॅटमन त्याचें निष्प्राण शरीर हातांवर उचलून आणतो. मरण्यापूर्वीं आई सांगते कीं, स्फोटाच्या क्षणीं हा मुलगा तिला वांचविण्यासाठीं मध्यें पडला. ज्याला वाचकांनीं उद्धट म्हणून नाकारलें, त्याचें शेवटचें कृत्य हें असें होतें.

त्यानंतर प्रतिक्रियांचा लोट आला. वृत्तपत्रांनीं बातमी उचलली. आणि ज्यांनीं वर्षानुवर्षें ही पुस्तकें पाहिलीं नव्हतीं त्यांना वाटलें कीं, आपल्या लहानपणचा डिक ग्रेसनच मारला गेला! रॉबिन एकाहून अधिक झाले आहेत हें त्यांच्या गांवींही नव्हतें. ओनील यांच्याकडे निषेधाचीं पत्रें आलीं. फ्रँक मिलर यांनींही या युक्तीवर कडक टीका केली. कौल कितपत खरा, याविषयींही शंका निघाल्या, कारण एका मनुष्यानें कितीही वेळां मत द्यावें, त्यास अटकाव नव्हता. एकानेंच यंत्राच्या साह्यानें पुनः पुनः टेलिफोन करून मरणाच्या बाजूस शेंकडों मतें घातलीं असावींत, असें आपल्या कानावर आल्याचें पुढें ओनील यांनींच सांगितलें. फरक ७२ मतांचा असतां ही गोष्ट क्षुल्लक म्हणतां येत नाहीं.

येथें एका जुन्या प्रसंगाशीं तुलना करणें उपयुक्त होईल. डिसेंबर १८९३ मध्यें कॉनन डॉइल यांनीं शेरलॉक होम्सला धबधब्यांत लोटलें, तेव्हां वाचकांनीं आक्रोश केला आणि अखेर १९०३ सालीं लेखकास त्याला परत आणावें लागलें. तेथें घातक लेखक होता आणि वाचक फिर्यादी. न्यूयॉर्कच्या या प्रकरणांत लेखकानें शस्त्र वाचकाच्या हातीं दिलें आणि आपण बाजूस झाला. ज्यांनीं मरणाचा क्रमांक फिरविला त्यांतील कित्येकांस तो खेळ वाटला असेल. एक निर्जीव चित्र पुसावें, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांनीं जगण्याचा फिरविला त्यांना त्या चित्रांत एक मूल दिसत होतें. परंतु मुलाला उर्मट लेखकानें केलें, प्रश्न संपादकानें विचारला, आणि दोष मात्र वाचकांच्या पदरीं पडला, हेंही विसरून चालणार नाहीं. कौल मागणारा त्याच्या परिणामाच्या जबाबदारीपासून सुटूं शकत नाहीं.

प्रकाशकांस रॉबिनवांचून फार दिवस राहवलें नाहीं. १९८९ सालीं मार्व्ह वुल्फमन यांनीं टिम ड्रेक हा शांत व बुद्धिमान मुलगा कथेंत आणला, आणि त्याच्यावर वाचकांनीं लोभ केला. जेसनचा गणवेष मात्र बॅटमनच्या गुहेंत काचेच्या कपाटांत टांगलेला राहिला. पुढें २००५ मध्यें जुड विनिक यांनीं त्यालाही जिवंत करून आणलें. रेड हूड या नांवानें, तरुण व सूडानें पेटलेला. आपणांस कां वांचविलें नाहीं, अशी त्याची तक्रार नव्हतीच. आपल्याला मारणारा जोकर अजून जिवंत कां, हा त्याचा बॅटमनला सवाल होता.

आणि १९८८ सालीं ५,२७१ मतांनीं जें मागितलें होतें, तेंही अखेर छापलें गेलें. डिसेंबर २०२३ मध्यें प्रकाशकांनीं ४२८ वा अंक पुनः काढला, तो दुसऱ्या निकालाचा, ज्यांत मुलगा वांचतो. मत देतेवेळीं जे पंधरा वर्षांचे होते ते आतां पन्नाशीस पोंचले होते. त्यांतील ज्या कोणी तो अंक हातीं घेतला असेल, त्यास ७२ मतांच्या पलीकडचें तें पान पस्तीस वर्षांनीं उलगडून पाहावयास मिळालें.