अवकाशात पाठवण्याजोगा प्रश्न

शाळेतल्या मुलांनी अवकाशात पाठवण्यासाठी प्रयोग आखायचा, असे म्हटले की बहुतेक पालकांच्या डोळ्यांपुढे आधी अग्निबाण उभा राहतो, मग खर्च आणि मग दहावीचे वर्ष. तिन्ही काळज्या रास्त आहेत. तरीही या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. यातले बरेचसे काम जमिनीवर, वहीत आणि टेबलावर होते. वर जाते ती एक लहानशी डबी; खरा कस लागतो तो तिचे झाकण लावण्याआधी.

विश्रांतवाडीत राहणाऱ्यांना तर हे सारे परके वाटण्याचे काहीच कारण नाही. आळंदी रस्त्याने दिघीकडे निघाले की संरक्षण संशोधनाची मोठी अभियांत्रिकी प्रयोगशाळा लागते, आणि लोहगावच्या विमानांसाठी बोलणे मध्येच थांबवण्याची सवय इथल्या प्रत्येकाला असते. अग्निबाणाच्या घन इंधनावर ज्यांनी हयात घालवली आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकपद भूषवले, ते वसंत गोवारीकर पुण्यात जन्मले. इस्रोच्या अग्निबाणांची मोटार-आवरणे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात घडतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीवरून कक्षेत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या शेवटच्या टप्प्यावर बसवलेल्या ‘पोएम-४’ या प्रयोगमंचावर कोथरूडच्या एमआयटी विद्यापीठाचेही एक उपकरण होते. ही सगळी कामे महाविद्यालयातली किंवा त्यापुढची, हे खरे. शाळकरी मुलांची वाट अजून तेवढी मळलेली नाही, म्हणून तर हा परिचय.

शालेय प्रयोगांचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे. स्कायलॅब या अमेरिकी स्थानकासाठी तिथल्या शाळांतून सुमारे ३४०० प्रस्ताव आले आणि त्यांतले २५ निवडले गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्युडिथ माइल्स या मुलीने विचारले होते, वजन जाणवत नसेल तर कोळी जाळे विणू शकेल का? १९७३ मध्ये अरबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळिणी वर गेल्या. अरबेलाचे सुरुवातीचे जाळे वेडेवाकडे झाले, पुढे तिला बऱ्यापैकी जमले. धागा मात्र पृथ्वीवरच्यापेक्षा बारीक आणि कमीजास्त जाडीचा निघाला. प्रश्न एका ओळीचा होता, उत्तर डोळ्यांना दिसणारे होते आणि वजन काढून घेतल्यावाचून ते मिळण्याजोगे नव्हते. चांगल्या प्रस्तावाची कसोटी मला आजही याहून वेगळी सांगता येणार नाही.

इथे एका गैरसमजाची वासलात लावलेली बरी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ-दशांश इतके असते. स्थानक आणि त्यातले सर्व काही एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहते, म्हणून वजन जाणवत नाही. परिणाम मोठे गमतीदार होतात. गरम हवा वर चढत नाही, म्हणून ज्योत गोल होते. बुडबुडे पृष्ठभागाकडे धावत नाहीत. चहाचा चोथा तळाशी बसत नाही. मुळाला खाली कुठे ते कळत नाही. तुमच्या प्रश्नात यांपैकी एकाही गोष्टीचा संबंध येत नसेल, तर तो प्रयोग वर पाठवण्यात हशील नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तो अधिक चांगला होईल.

आता प्रत्यक्ष आखणी कशी होते ते पाहू. मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या शाळांसाठी चालणाऱ्या एका उपक्रमात विद्यार्थ्यांना जेमतेम वीतभर लांबीची सिलिकॉनची नळी मिळते. ती चिमट्यांनी दाबून तिचे दोन किंवा तीन कप्पे करता येतात. समजा, तुम्हाला मेथी रुजवायची आहे. एका कप्प्यात कोरडे दाणे, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात वाढ जिथल्या तिथे थांबवणारे द्रावण. अंतराळवीर ठरल्या दिवशी पहिला चिमटा उघडतो आणि परतीच्या आधी दुसरा. सोपे वाटते ना? मग विचार करा: उड्डाण लांबले तर दाणे किती दिवस टिकतील? नळीत शिल्लक राहिलेली हवा मोडांना पुरेल का? थांबवणारे द्रावण घातले नाही, तर परतल्यावर मुळे पुन्हा खाली वळतील आणि पुरावाच पुसला जाईल. शिवाय अगदी तशीच दुसरी नळी त्याच वेळी जमिनीवर ठेवायची आणि तिचे चिमटेही त्याच क्षणी उघडायचे. ही जोडनळी नसेल, तर वरच्या नळीत जे दिसले ते कशामुळे झाले हे सांगताच येत नाही. नवख्यांच्या प्रस्तावात नेमकी हीच राहून जाते.

आपल्याकडची उदाहरणेही याच धाटणीची आहेत. पोएम-४ वर इस्रोने एका बंद पेटीत चवळीचे आठ दाणे पाठवले आणि चार दिवसांत ते रुजले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथी रुजवली. त्या प्रयोगामागे धारवाडचे शास्त्रज्ञ होते. उसळीसाठी कडधान्य भिजत घालणाऱ्या घरांना या विषयात निम्मी तयारी आयतीच मिळालेली आहे.

अपयशाचाही हिशेब आधीच मांडावा लागतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये अँटारेस अग्निबाण उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळला आणि त्यासोबत शाळांचे १८ प्रयोग गेले; बहुतेक प्रयोग मुलांनी पुन्हा उभे करून काही आठवड्यांतच दुसऱ्या यानातून पाठवले. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्यात सहा देशांतल्या विद्यार्थ्यांचे प्रयोग होते. कोळी, रेशीमकिडे, मुंग्या, मासे. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान आणि सातही अंतराळवीर परतले नाहीत. त्या प्रयोगांतले जे उरले, ते उड्डाण चालू असतानाच जमिनीवर पोहोचलेल्या चित्रांमुळे.

आपल्या देशात ७५ शाळांतल्या ७५० मुलींच्या हातभाराने ‘आझादीसॅट’ तयार झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये अग्निबाणाने त्याला योग्य कक्षेत सोडले नाही, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची पुढची आवृत्ती यशस्वी झाली. या उपक्रमांचे मला मनापासून कौतुक आहे. तरी एक नोंदवतो: आपल्याकडे उपकरण जोडण्यावर भर फार आणि प्रश्न घडवण्यावर कमी. तयार संच जोडणारी मुले सोल्डरिंग छान शिकतात. पण ‘हे मोजायचे कशासाठी’ हे ठरवायची संधी त्यांना क्वचितच मिळते. तो तोल सावरणे शिक्षकांच्या हाती आहे.

वाचकांनी सुरुवात कुठून करावी? नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ कार्यक्रम आहे. गणेशखिंडीला आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. नारायणगावजवळच्या खोडदला, महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळकरी मुले स्वतःचे प्रयोग मांडतात. तिथे प्रेक्षक म्हणून जाण्यापेक्षा काहीतरी घेऊन जावे. भिंतीवरच्या घड्याळाच्या मोटारीवर रुजते दाणे सावकाश फिरवत ठेवले, तर मुळांची दिशा हरवते. हा क्लिनोस्टॅट घरी करता येतो. त्याहूनही सोपे काम आजच्या आज होईल. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण न लावता सुमारे पाच मीटर उंचीवरून सोडा. पडतानाच्या त्या एका सेकंदात भोकातली धार थांबते. मोबाइलवर संथ गतीने चित्रण करा, म्हणजे ते नीट दिसेल. बाटली सोडण्यापूर्वी खाली कुणी उभे नाही ना, हे मात्र पाहून घ्या. सोसायटीच्या जिन्यात ही परवानगी मिळवणे इस्रोच्या परवानगीहून सोपे असतेच असे नाही.