थ्री नॉट थ्री आणि तिची धाकटी बहीण

माळेगाव बुद्रुकच्या पारावर उसात शिरणाऱ्या रानडुकरांचा विषय निघाला की बंदुकीच्या परवान्याचा निघतोच. आपल्याकडे परवान्यावर रायफल मिळते ती बहुधा .३१५ बोअरची. पोलिसांची जुनी ‘थ्री नॉट थ्री’ .३०३ बोअरची. म्हणजे मापाने मोठी ती नागरिकाला मिळते आणि लहान ती निषिद्ध ठरते. हे उलटे वाटणारे गणित समजायला १८५७ पर्यंत मागे जावे लागते.

त्या उठावानंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सोल्जरइतके चांगले हत्यार द्यायचे नाही, असे इंग्रजांनी ठरवले. एन्फिल्डच्या नळीतले आटे काढून तिची सपाट नळीची बंदूक केली गेली. आटे गोळीला फिरकी देतात. फिरकी गेली की नेम आणि पल्ला दोन्ही गेले. पुढे गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा आपल्या पलटणींच्या वाट्याला त्यांची उतरलेली स्नायडर आली. गावकऱ्यासाठी लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा शस्त्रकायदा होताच. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला माफ! गंमत अशी की खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून इथेच, पुण्याच्या कुशीत, काडतुसे बनवत होता.

.३१५ चा जन्म याच संशयातून झाला. लष्करी काडतूस नागरिकाच्या बंदुकीत बसता कामा नये, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कारखानदारांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी वेगळ्या मापाच्या रायफली काढल्या. यंत्रणा ली-एन्फिल्डचीच, काडतूस मात्र निराळे. छावणीतून चोरलेली पेटी गावात निरुपयोगी ठरावी, एवढाच हिशेब. पोलिसांची .४१० ‘मस्केट’ ही तर .३०३ ची नळीच सपाट करून तयार केलेली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच बार. राज्य गेले, पण मापांचा हा भेद स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही टिकवून ठेवला.

युद्ध अंगावर आले की मात्र संशय बाजूला पडे. १९१४ मध्ये मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी पलटणींना तिथेच नव्या मार्कच्या रायफली देण्यात आल्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे शरणागतीच्या फेऱ्यात सापडल्या. विश्वास गरजेपुरता, असेच मला यातून दिसते.

या मार्क थ्रीच्या खोडी जुन्या हवालदारांना पाठ असत. काडतुसाच्या बुडाला कड असल्याने मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे यावी लागते. मागे राहिली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. मग लोक स्प्रिंगला दोष देतात. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत राहतो, तेलात विरघळत नाही आणि दमट हवेत गंज धरतो. म्हणून आधी उकळते पाणी ओतायचे, मग ‘फुलथ्रू’ला चिंदी बांधून नळी कोरडी करायची, तेल शेवटी. पावसाळ्यात पुढचे लाकूड फुगून नळीला भलत्या ठिकाणी टेकले तर नेम सरकतो; तेव्हा माशी ठोकत बसण्यात अर्थ नाही. सर्वांत महाग चूक दस्त्याची. दस्ता हलतो म्हणून मागून स्क्रू फिरवला की संपले. त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत बसलेले असते. आधी पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला तर ते लाकूड तडकते. शंभर वर्षांचे अक्रोडाचे लाकूड असे क्षणात जाते.

बोल्ट ओढून एकेक गोळी झाडायची ही रायफल १९६२ मध्ये चीनसमोर आपल्या जवानांच्या हाती होती, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर पोलिसांच्याही.

नागरिकांच्या .३१५ ला वेगळीच अडचण आहे. निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. ओल्या खोलीत ठेवले तर परत मिळते ते तांबूस नळीचे. परवानाधारक वारला की वारसाला ते जमा करावे लागते आणि स्वतःच्या नावाचा परवाना मिळेपर्यंत हात लावता येत नाही. कायदा योग्यच आहे. पण जमा करण्यापूर्वी नळीवरचा कारखान्याचा शिक्का, साल आणि क्रमांक वहीत उतरवून ठेवायला कोणी अडवलेले नाही. घरोघरी तेवढे झाले तरी या तालुक्यांतील शस्त्रांचा इतिहास लिहायला पुष्कळ साधन मिळेल.