मूत्रमार्गदाह : निदान आणि नोंद

'लघवीला आग होते', अशी तक्रार घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे येतो आणि केसपेपरवर बहुधा 'मूत्रसंसर्ग' एवढाच शब्द उतरतो. संकोच दोन्ही बाजूंनी असतो. मात्र मूत्राशयाचा संसर्ग आणि मूत्रमार्गाचा दाह हे दोन निराळे विकार असून त्यांची तपासणी, उपचार आणि नोंदही निराळी आहे.

मूत्राशयातील लघवी शरीराबाहेर नेणाऱ्या नळीला मूत्रमार्ग म्हणतात. तिच्या अस्तराचा दाह झाल्यास जळजळ, खाज व स्राव ही लक्षणे दिसतात. काहींना कोणताच त्रास जाणवत नाही. गोनोरियाचे जंतू, क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा जेनिटालियम आणि ट्रायकोमोनास ही प्रमुख कारणे होत. कॅथेटरमुळे झालेली इजाही कारणीभूत ठरू शकते.

निदानात पहिली चूक नमुना घेतानाच होते. मूत्रसंसर्गाच्या कल्चरसाठी लघवीची मधली धार लागते. मूत्रमार्गदाहात मात्र पहिली धार हवी, कारण मार्गातील पेशी व जंतू तिच्याबरोबरच वाहून येतात. त्यापूर्वी किमान तासभर लघवी केलेली नसावी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, स्रावाच्या ग्रॅम-रंजित काचपट्टीवर तैल-भिंगाखाली प्रत्येक क्षेत्रात २ वा अधिक पांढऱ्या पेशी दिसल्यास दाह मानावा. त्या पेशींच्या आत जोडीजोडीने गुलाबी जंतू आढळल्यास गोनोरियाचे निदान होते. क्लॅमिडिया असा दिसत नाही. त्यासाठी जनुकीय चाचणीच करावी लागते.

यानंतर काम येते कोडिंग करणाऱ्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात मूत्रमार्गदाहाला 'एन ३४' हा गट आहे. परंतु गोनोरिया (ए ५४.०), क्लॅमिडिया (ए ५६.०) व ट्रायकोमोनास (ए ५९.०) सिद्ध झाल्यास नोंद त्या गटात न होता लैंगिक संसर्गाच्या विभागात जाते. उरलेल्यांत खरी मेख आहे. 'एन ३४.१' म्हणजे अविशिष्ट दाह, अर्थात गोनोरियाव्यतिरिक्तचा. डॉक्टरांनी केवळ 'मूत्रमार्गदाह' लिहून पुढे काहीच नमूद केले नसेल, तर कोड 'एन ३४.२' होतो. तपासूनही गोनोरिया सापडला नाही आणि कारण लिहिलेच नाही, या दोहोंतला हा फरक नवशिक्यांना हमखास फसवतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना होणारा दाहही 'एन ३४.२' मध्येच येतो. निव्वळ 'मूत्रसंसर्ग' लिहिल्यास मात्र 'एन ३९.०' पडतो आणि मूत्रमार्गाचा उल्लेखच पुसला जातो.

कोडिंग करणाऱ्याला प्रयोगशाळेचा अहवाल पाहून स्वतः निदान ठरवता येत नाही. डॉक्टरांनी लिहिले तेवढेच धरायचे. शंका आल्यास त्यांनाच विचारावे लागते. अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग करणाऱ्या पुण्या-मुंबईतील तरुणांना हा नियम तोंडपाठ असतो. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ची अधिक तपशीलवार आवृत्ती लागू आहे. आपल्याकडे अहवाल फाइलमध्ये असतो, पण निदानाच्या रकान्यात त्याचा मागमूस नसतो.

याची झळ बसते ती घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला. क्लॅमिडिया असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना लक्षणे जाणवत नाहीत. पतीच्या कागदावर 'मूत्रसंसर्ग' असेल, तर पत्नीला तपासणीस बोलावण्याचे कारणच कोणाला दिसत नाही. उपचाराविना राहिलेला हा संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोहोचून वंध्यत्वास कारण ठरू शकतो.