फळांची वाटी म्हणजे किती ग्रॅम?

आहारतक्त्यात अनेकदा ‘१ वाटी फळ’ असे लिहिलेले असते. कर्बोदकांचे आकडे मात्र १०० ग्रॅम फळामागे दिलेले असतात. जेवणाआधी कर्बोदके मोजून इन्सुलिन घेणाऱ्यांना या दोन मापांचा मेळ घालावाच लागतो. फळ कसे चिरले आहे, यावर वाटीतले वजन बरेच बदलते, कारण फोडींच्या मधल्या जागेत हवा असते.

सुरुवात आपल्या वाटीपासून करा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा आणि वाटीत काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम भरतील तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी. पाककृतींमधला कप २४० किंवा २५० मिलिलिटरचा असतो. घरातली वाटी त्यापेक्षा बरीच लहान असते, तेव्हा ‘कप’ आणि ‘वाटी’ एकच समजू नका.

समजा वाटी १५० मिलिलिटरची आहे. साधारण इंचभराच्या फोडी न दाबता काठापर्यंत भरल्या, तर पपई किंवा कलिंगड सुमारे ९५ ग्रॅम भरते. आंबा, अननस आणि पेरू १०५ ग्रॅमच्या आसपास, डाळिंबाचे दाणे ११० ग्रॅम. सफरचंद त्या मानाने हलके, जेमतेम ८० ग्रॅम. हे आकडे ढोबळ आहेत. फोडी बारीक केल्या किंवा वाटी शीग लावून भरली, तर वजन वाढणारच.

खरी गफलत होते ती कुस्करलेल्या फळात. याच वाटीत केळ्याचे काप ९५ ग्रॅम मावतात आणि त्यांत सुमारे २२ ग्रॅम कर्बोदके असतात. केळे कुस्करले की हवा निघून जाते, वाटीत १४० ग्रॅम बसते आणि कर्बोदके ३२ ग्रॅमपर्यंत जातात. तुम्हाला दर १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट इन्सुलिन सांगितले असेल, तर हा १ युनिटचा फरक झाला. (तुमचे प्रमाण वेगळे असू शकते, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलेच पाळा.) शिकरणातले दूध आणि साखर यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. आमरसाचेही तसेच. वाटीभर फोडींत साधारण १६ ग्रॅम कर्बोदके असतील, तर वाटीभर रसात साखर न घालताही २२-२३ ग्रॅम असतात. आंब्याची जात आणि पिकलेपणा यांनुसार हे कमीजास्त होते.

शिजवलेल्या फळाला वाटीचे माप लावूच नये. पाणी उडते, फळ आटते, पण साखर वाफेबरोबर जात नाही. म्हणून वजन कच्च्या फोडींचे करा. उदाहरणार्थ, ३०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. साखर न घालता शिजवल्यावर ते २०० ग्रॅम उरले आणि त्यातले ५० ग्रॅम तुम्ही घेतले, तर तुमच्या वाट्याला पाव हिस्सा, म्हणजे १० ग्रॅम कर्बोदके आली. कच्च्या फळाचा आकडा त्या ५० ग्रॅमला लावला असता, तर उत्तर ७ ग्रॅमच्या आत आले असते.

बाजारातले वजन सालीसकट असते, हेही ध्यानात ठेवा. सालीसकट १५० ग्रॅमच्या केळ्यात खाण्याजोगा गर १०० ग्रॅमच्या आसपासच निघतो. आंबा आणि कलिंगड तर सोलून, कापून झाल्यावरच तोलावे.

मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे, त्यांनीही फळ काट्यावर तोलूनच घ्यावे. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, त्यामुळे वरच्या उदाहरणातली कापांची वाटी साधारण ३४० मिलिग्रॅमची, तर कुस्करलेल्या केळ्याची ५०० मिलिग्रॅमची होते.