परवलीच्या शब्दाची वाटचाल



'परवलीचा शब्द' हा प्रयोग मूळचा लष्करी छावणीतला. पहाऱ्यावरचा शिपाई अंधारातून येणाऱ्याला तो विचारी आणि जो अचूक सांगेल त्याला आत सोडी. या शब्दाची दोन लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. तो साऱ्या छावणीचा एकच असे आणि वरचेवर बदलला जाई. संगणकाने तो उचलला तेव्हा ही दोन्ही लक्षणे टाकून दिली. शब्द ज्याचा त्याचा निराळा झाला आणि वर्षानुवर्षे तोच राहू लागला. पुढे पहिले लक्षण चोरपावलांनी परत आले. दुसरे यायला मात्र फार उशीर लागला. या उशिराचाच हा इतिहास आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी प्रणाली दाखवली. तिचे नाव सीटीएसएस. प्रत्येकाची कागदपत्रे निराळी राहावीत म्हणून तेथे परवलीचा शब्द आला. परंतु सर्वांचे शब्द एकाच फाइलमध्ये, उघड अक्षरांत ठेवलेले होते. १९६२ च्या वसंतात ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडू लागले. त्याने शुक्रवारी रात्री एका छिद्रित पत्रिकेवर त्या फाइलचे नाव घालून ती छपाईसाठी दिली आणि शनिवारी पहाटे सर्वांचे शब्द घेऊन तो निघून गेला! कुलूप त्याने फोडले नाही; किल्ल्यांचा जुडगा जेथे टांगला होता ती खुंटी त्याने पाहिली, एवढेच. पुढच्या सर्व प्रकरणांत हीच खुंटी पुन्हा पुन्हा भेटते.

तीवर तोड केंब्रिजच्या टायटन संगणकावर निघाली. शब्द जसाच्या तसा न ठेवता, उलट फिरवता येत नाही अशा गणिती क्रियेतून काढून त्याचा केवळ अवशेष ठेवावा, ही रॉजर नीडहॅम यांची कल्पना होती. युनिक्सने ती स्वीकारली. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील आकडे आजही अस्वस्थ करतात. त्यांनी जमवलेल्या ३२८९ शब्दांपैकी २८३१, म्हणजे शेकडा ८६, एक तर फार आखूड होते किंवा शब्दकोशात सहज सापडणारे होते. मनुष्यस्वभावापुढे गणित लंगडे पडते, ते असे. १९८८ साली याच मॉरिस यांच्या चिरंजीवांनी सोडलेल्या 'वर्म'ने, इतर युक्त्यांबरोबर, ४३२ शब्दांची यादी पाठ करून परक्या यंत्रांची दारे उघडली. हा योगायोग नियतीलाच सुचावा!

आता मूळ विषयाकडे येतो. एका यंत्राच्या पोटात अनेक भासमान यंत्रे चालवण्याची विद्या आपण समजतो तितकी नवी नाही. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालीच जाहीर केली होती. तिच्यात प्रत्येक भासमान यंत्राचे नाव व त्याचा शब्द एका 'डिरेक्टरी'त लिहिलेला असे. म्हणजे खुंटी पुन्हा एकच. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ही विद्या साध्या सर्व्हरांवर आणली, तेव्हा एका खोलीत शेकडो सर्व्हर नांदू लागले. ते एकाच नमुन्यावरून नक्कल करून काढलेले असत, त्यामुळे 'रूट' या सर्वाधिकारी खात्याचा शब्दही बहुधा सर्वांचा एकच. सोयीसाठी तो चारपाच व्यवस्थापकांत वाटला जाई आणि एखादा नोकरी सोडून गेला तरी कोणी बदलत नसे. छावणीचा सामाईक शब्द परत आला तो असा, पण रोज बदलण्याची शिस्त मागे ठेवून. शिवाय खालच्या यजमान यंत्राचा मालक वरच्या यंत्राची तबकडीच उचलून नेऊ शकतो. त्याला आतला शब्द ठाऊक असण्याची गरजच नसते. माझ्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

तिची किंमत २०१४ च्या जूनमध्ये कोड स्पेसेस या कंपनीने मोजली. ही कंपनी इतरांच्या प्रोग्रॅमचा साठा सांभाळत असे. तिचे सर्व्हर ॲमेझॉनच्या भाड्याच्या जागेत होते. कोणीतरी त्यांच्या नियंत्रण-फलकात शिरला आणि खंडणी मागू लागला. कंपनीने शब्द बदलले. पण त्या इसमाने आधीच आपल्यासाठी दुसरी खाती करून ठेवली होती. आपल्याला हुसकावले जात आहे हे दिसताच त्याने यंत्रे, साठे आणि राखीव प्रतीसुद्धा पुसायला सुरुवात केली. सुमारे १२ तासांत बहुतेक सर्व गेले आणि कंपनी बंद पडली. राखीव प्रती होत्या, पण त्यांची किल्लीही त्याच जुडग्यात होती.

दुसरे लक्षण, म्हणजे अल्पायुषी शब्द, अज्ञात होते असे नव्हे. नीडहॅम व श्रोडर यांच्या १९७८ च्या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या एमआयटीच्या केर्बेरॉस व्यवस्थेत शब्दाच्या मोबदल्यात काही तासांचे तिकीट मिळे. ओपनएसएसएचने २०१० साली मुदतीची प्रमाणपत्रे आणली. व्यवस्थापकाने सकाळी आपली ओळख पटवावी, दिवसापुरते प्रमाणपत्र घ्यावे, ते सायंकाळी आपोआप निरुपयोगी व्हावे. आणि रूटचा शब्द पाकीटबंद राहून केवळ आणीबाणीत, नोंद करून उघडावा, अशी ही रीत आहे. येथे शब्द वाटावाच लागत नाही, म्हणून कोणी गेला तरी मागे काही उरत नाही.

मात्र ओळख पटवणाऱ्या केंद्रावर सारा भार पडतो. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने उघड केले की, व्हीएमवेअरची ईएसएक्सआय यंत्रे अशा केंद्राला जोडली असता 'ईएसएक्स ॲडमिन्स' या नावाच्या गटातील सर्वांना विनाचौकशी पूर्णाधिकार देत. हा गट मुळात अस्तित्वात असण्याचीही गरज नव्हती. केंद्रात शिरलेल्या खंडणीखोरांनी तो स्वतःच निर्माण केला आणि सर्व यंत्रे कुलूपबंद केली. आठव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती निघाली. सातवीसाठी ती न काढता मांडणी बदलण्याचा उपाय तेवढा सुचवण्यात आला.